भाड्याच्या घरातील स्मार्ट गृहतंत्रज्ञान

भाड्याच्या घरातील स्मार्ट गृहतंत्रज्ञान म्हणजे दिवे, पंखे, कुलर, कुलूप, कॅमेरा आदी घरगुती साधने मोबाईल, आवाज किंवा वेळापत्रकाच्या साहाय्याने चालविण्याची अशी व्यवस्था, जी वास्तूत कायमस्वरूपी बदल न करता बसविता येते आणि घर सोडताना काढून नेता येते. स्वतःच्या घरात भिंत फोडून नवी वायरिंग करणे मालकाच्या इच्छेवर असते. भाडेकरूला मात्र करार, घरमालकाची संमती, जुनी वायरिंग व मुक्कामाचा मर्यादित काळ यांचा विचार करावा लागतो. या लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांतील परिस्थितीच्या संदर्भात या विषयाची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

घरातील विजेच्या तारांतूनच संदेश पाठवून साधने चालविणारी एक्स-१० ही पद्धती १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील एका कंपनीने विकसित केली. पुढे वाय-फाय, ब्लूटूथ व झिगबी या बिनतारी पद्धती आल्या आणि भिंतीला हात न लावता साधने जोडणे शक्य झाले. भाडेकरूंच्या दृष्टीने हा बदल निर्णायक ठरला. वेगवेगळ्या कंपन्यांची साधने एकमेकांशी जुळावीत म्हणून ‘मॅटर’ हे सामाईक मानक २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्थानिक परिस्थिती

चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा खाणी, २,९२० मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना व भद्रावतीची आयुधनिर्माणी आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात शासकीय कर्मचारी, शिक्षक व गोंडवाना विद्यापीठाचे विद्यार्थी बाहेरगावांहून येतात. नोकरी, बदली आणि शिक्षण यांमुळे या भागात भाड्याने राहणारा वर्ग मोठा आहे. बदली होताच सामान हलविण्याची वेळ येणाऱ्या या वर्गाला सहज काढता येणारी साधनेच सोयीची असतात.

चंद्रपुरात मे महिन्यात तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्यामुळे कुलर व पंखा हीच येथील मुख्य साधने होत. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे. भामरागडसारख्या भागांचा पर्लकोटा नदीच्या पुरामुळे पावसाळ्यात संपर्क तुटतो. अशा ठिकाणी केवळ इंटरनेटवर विसंबणारी व्यवस्था उपयोगाची नसते.

करार व संमती

महाराष्ट्रात घरे बहुधा ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने दिली जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीकृत करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

हा अधिनियम ज्या क्षेत्रांतील जागांना लागू आहे, तेथे घरमालकाच्या लेखी संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम करणे हे कलम १६ नुसार जागा खाली करण्याचे कारण ठरू शकते. वातानुकूलन यंत्र बसविणे अशा बांधकामात मोडत नाही, असे त्याच कलमात स्पष्ट केले आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, करारात वेगळी अट नसल्यास, भाडेपट्टाधारक स्वतः बसविलेल्या वस्तू काढून नेऊ शकतो. मात्र जागा मिळाली होती त्याच स्थितीत परत करावी लागते. अनुज्ञप्तीधारकाला आपले सामान हलविण्यासाठी वाजवी मुदत मिळते, असे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चे कलम ६३ सांगते.

प्लगमध्ये खोचण्याच्या किंवा होल्डरमध्ये लावण्याच्या साधनांना सहसा संमतीची गरज भासत नाही. स्विचबोर्ड उघडणे, दाराला नवे कुलूप बसविणे, भिंतीला भोक पाडणे व घराबाहेर कॅमेरा लावणे यांसाठी लेखी संमती घेणे हितावह असते. कोणती वस्तू कोणाची, ही यादी कराराला जोडल्यास अनामत रकमेवरून होणारे वाद टळतात.

साधनांचे प्रकार

स्मार्ट दिवा: भारतात पिनांचे होल्डर सर्वत्र आढळतात. त्याच मापाचा दिवा घेतल्यास वायरिंगला हात लावावा लागत नाही. भिंतीवरील बटण बंद केल्यास मात्र दिव्याचा वीजपुरवठाच तुटतो व तो मोबाईलवरून लागत नाही. घरातील वृद्ध व पाहुणे यांना हे समजावून सांगणे आवश्यक असते.

स्मार्ट प्लग: भारतात आयएस १२९३ या मानकानुसार ६ व १६ अँपिअरचे प्लग वापरले जातात. वातानुकूलन यंत्र, गीझर यांसाठी १६ अँपिअर क्षमतेचाच स्मार्ट प्लग लागतो. कुलरची मोटर सुरू होताना क्षणभर अधिक प्रवाह खेचते, म्हणून त्यालाही पुरेशा क्षमतेचा प्लग असावा. टाकीत पाणी नसताना पंप चालू राहिल्यास तो जळतो, त्यामुळे कुलर दुरून सुरू करण्यापेक्षा ठरावीक वेळी बंद करण्यासाठी स्मार्ट प्लग अधिक उपयुक्त ठरतो.

इन्फ्रारेड नियंत्रक: रिमोटवर चालणारी जुनी साधने मोबाईलवर आणणारे हे छोटे उपकरण टेबलावर ठेवता येते. घरमालकाच्या मालकीच्या वातानुकूलन यंत्रात काहीही बदल करावा लागत नाही.

पंखा: साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट, तर बीएलडीसी मोटरचा पंखा सुमारे ३० वॉट वीज घेतो. रोज १२ तास वापर धरल्यास महिन्याला सुमारे १६ युनिटांची बचत होते. पंखा भाडेकरूचा असल्यास जुना पंखा जपून ठेवावा व जाताना पुन्हा लावून द्यावा लागतो.

स्विचमागील मॉड्यूल: यासाठी बोर्डात न्यूट्रल तार लागते. प्लगसह असलेल्या बोर्डात ती असते. केवळ बटणे असलेल्या बोर्डात ती नसण्याची शक्यता असते. हे काम परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावे लागते.

कुलूप: कडी-कोयंड्याच्या दारांना पाश्चात्त्य पद्धतीची स्मार्ट कुलुपे बसत नाहीत. अशा दारांसाठी बोटाच्या ठशाने उघडणारे लोंबते कुलूप मिळते व त्यासाठी दार कोरावे लागत नाही. बॅटरी संपल्यास उपयोगी पडावी म्हणून किल्लीची सोय असलेले कुलूप निवडणे श्रेयस्कर.

वीज व जोडणी

बहुतेक स्वस्त साधने २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात. राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर ठेवल्यास ती जोडली जात नाहीत. वीज गेल्यावर राउटर बंद पडू नये म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वापरतात. वीज परत आल्यावर दिवा आपोआप लागावा की बंदच राहावा, हे बहुतेक स्मार्ट दिव्यांत आधी ठरविता येते. ते न ठरविल्यास मध्यरात्री वीज येताच सर्व दिवे लागण्याचा प्रसंग येतो.

विजांच्या गडगडाटात होणाऱ्या विद्युतदाबाच्या उसळीने नाजूक साधने निकामी होतात. त्यासाठी सर्ज संरक्षक वापरतात. परंतु बोर्डात अर्थिंग नसेल तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो. म्हणून घर घेतानाच अर्थिंग तपासून घेणे महत्त्वाचे असते.

इंटरनेट वारंवार खंडित होणाऱ्या गावांत घरातल्या घरातच आज्ञा पाळणारी साधने निवडली जातात. मॅटर मानकाची साधने स्थानिक जाळ्यावर चालू शकतात. अशा ठिकाणी साधा टायमर किंवा अंधार पडताच लागणारा दिवा हा अनेकदा अधिक भरवशाचा पर्याय ठरतो.

जंगलालगतची घरे

वाघ व बिबट्या यांचा वावर असलेल्या वस्त्यांत अंगणात हालचाल टिपून लागणारा दिवा उपयुक्त ठरतो. शौचालय किंवा गोठा घरापासून दूर असल्यास बाहेर पडण्यापूर्वी अंगण उजळता येते. सौरऊर्जेवर चालणारा दिवा वायरिंगविना बसतो. तथापि असा दिवा वन्यप्राण्यांपासून संरक्षण देतो असे मानणे धोक्याचे आहे. तो केवळ दिसण्यास मदत करतो. रात्री एकट्याने बाहेर न पडणे व वनविभागाच्या सूचना पाळणे यांना तो पर्याय नाही.

खासगीपणा

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ई नुसार एखाद्या व्यक्तीच्या खासगी अवयवांचे चित्र तिच्या संमतीविना जाणूनबुजून टिपणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. स्त्रीचे खासगी कृतीच्या वेळी चोरून निरीक्षण किंवा चित्रण करण्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आहे.

घरमालकाने आधीच बसविलेले कॅमेरे, कुलुपे किंवा राउटर असल्यास त्यांचे खाते कोणाच्या हाती आहे, हा कळीचा प्रश्न असतो. पासवर्ड घरमालकाकडे राहिल्यास भाडेकरूच्या येण्याजाण्याची नोंद त्याला दिसू शकते. म्हणून राहावयास येताच ही साधने मूळ स्थितीत आणून नव्याने जोडणे, किंवा ती काढून टाकण्याची मागणी करणे उचित ठरते. भाडेकरूनेही आपला कॅमेरा शेजाऱ्यांच्या दारावर किंवा खिडकीवर रोखू नये.

घर सोडताना

जुने दिवे, पंखे व बटणे पुन्हा लावणे, आपली साधने खात्यातून काढणे, कुलुपातील बोटांचे ठसे पुसणे आणि मागे ठेवलेली साधने मूळ स्थितीत आणणे ही शेवटची कामे होत. प्रवेशाच्या दिवशी काढलेली बोर्ड व भिंतींची छायाचित्रे या वेळी उपयोगी पडतात. हे न केल्यास नव्या भाडेकरूच्या घरातील दिवा किंवा कॅमेरा जुन्या भाडेकरूच्या मोबाईलवर दिसत राहतो.