सिएटलचा मैला आणि डग्लस फरची जंगले

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात डग्लस फर हे इमारती लाकडाचे मुख्य झाड. लाकूड कंपन्या डोंगरच्या डोंगर या झाडाने लावतात, काही दशकांनी तोडतात आणि पुन्हा लावतात. पाऊस भरपूर आहे, पण प्राचीन हिमनद्यांनी मागे ठेवलेल्या वाळू-गोट्यांच्या जमिनीत नत्र कमी, म्हणून झाडांची वाढ रेंगाळते. याच राज्यातल्या सिएटल परिसरात रोज लाखो माणसांचे सांडपाणी स्वच्छ होते आणि त्यातून उरणाऱ्या गाळात नत्र मुबलक असते. शहराची ही अडचण जंगलाच्या कामी लावण्याचा उद्योग तिथे पन्नास वर्षांपासून चालू आहे. तो नीट समजून घ्यावा असा आहे.

सुरुवात एका तलावापासून झाली. 1950 च्या दशकात सिएटलला लागून असलेला लेक वॉशिंग्टन सभोवतालच्या वस्त्यांच्या सांडपाण्यामुळे शेवाळाने भरू लागला होता. तिथल्या विद्यापीठातील शास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी त्याचे कारण लोकांपुढे मांडले. 1958 मध्ये मतदारांनी ‘मेट्रो’ ही सांडपाण्याची संयुक्त यंत्रणा उभारायला कौल दिला आणि 1968 पर्यंत तलावात येणारे सांडपाणी वळवले गेले. तलाव सुधारला. पण नव्या शुद्धीकरण केंद्रांत गाळ साठू लागला आणि त्याचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला.

उत्तराचा शोध वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पॅक फॉरेस्ट या प्रयोगवनात सुरू झाला. माउंट रेनिअरच्या पायथ्याजवळच्या या जंगलात 1973 पासून मेट्रोच्या गाळाचे प्रयोग झाले. झाडांची वाढ जोमाने झालेली दिसली, पण त्याहून मोलाचे ठरले ते चुकीच्या मात्रेतून आणि चुकीच्या वेळेतून मिळालेले धडे. रोपे लावण्याआधीच गाळ पसरला, तर गवत व तण माजते आणि कोवळी रोपे त्याखाली गुदमरतात. खत मिळालेले रसरशीत कोंब हरणांना आवडतात. दाट गवतात उंदीर वाढतात आणि ते खोडाची साल कुरतडतात. म्हणून झाडे तणाच्या वर निघाल्यावरच गाळ देणे शहाणपणाचे, असे ठरले.

दुसरा धडा पाण्याचा. झाडांना पेलेल त्यापेक्षा जास्त गाळ घातला, तर उरलेल्या नत्राचे नायट्रेट होते आणि पावसाबरोबर ते भूजलात उतरते. त्यामुळे आता मात्रा हिशेबाने ठरते: झाडे आणि खालची झुडपे किती नत्र घेतील आणि गाळातले किती नत्र पहिल्या वर्षी मोकळे होईल, हे आधी मांडतात. बरेचसे नत्र सेंद्रिय स्वरूपात बांधलेले असते आणि ते हळूहळू सुटते, म्हणून एका हप्त्याचा परिणाम पुढची काही वर्षे टिकतो. ओढे आणि पाणथळ जागांभोवती मोकळा पट्टा सोडतात.

गाळ जंगलापर्यंत पोचतो कसा? आधी तो बंद टाक्यांत, सुमारे 35 अंश उष्णतेवर, हवेविना काही आठवडे कुजवतात. जंतूंचे प्रमाण घटते आणि मिथेन वायूही मिळतो. मग गोल फिरणारी यंत्रे त्यातले पाणी झटकून काढतात. उरतो तो काळा, ओलसर, अमोनियाच्या उग्र दर्पाचा लगदा. ट्रकमधून तो जंगलात येतो. तिथे मोठ्या टायरांचे वाहन झाडांमधल्या वाटेने जाता जाता तो बाजूला उडवत पुढे सरकते. मेट्रोचे काम आता सिएटलचा समावेश असलेल्या किंग काउंटीकडे आहे; 2012 पासून ती हे खत ‘लूप’ नावाने देते. त्यातला मोठा वाटा पूर्व वॉशिंग्टनच्या गव्हाच्या शेतांना जातो, उरलेला जंगलांना.

या साऱ्याला नियमांचा आधार आहे. 1993 च्या संघीय नियमाने गाळातल्या शिसे, कॅडमियम, पारा यांसारख्या धातूंना कमाल मर्यादा घातल्या. जंतू पूर्ण मेलेले नसतील, तर गाळ टाकलेल्या जागी माणसांच्या वावरावर ठराविक काळ बंदी असते. कारखान्यांनी आपले विषारी सांडपाणी गटारात सोडण्यापूर्वीच स्वच्छ करावे, हाही नियमांतला कळीचा भाग. टाकीत एकदा मिसळलेला धातू नंतर सहजासहजी काढता येत नाही.

चिंता संपलेली नाही. नॉनस्टिक भांडी, जलरोधक कापड यांत वापरलेली, सहसा न विघटणारी ‘पीएफएएस’ रसायनेही गाळात सापडतात. शेतजमिनी त्यांनी दूषित झालेल्या दिसल्यावर मेन राज्याने 2022 मध्ये गाळ जमिनीवर टाकण्यावरच बंदी आणली. लाकूड कोणी खात नाही, म्हणून जंगलातला धोका वेगळा, पण पाणी आणि वन्यजीव तिथेही आहेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून हा उपाय पुढे जाऊ शकणार नाही.

सिएटलशेजारच्या बेलव्ह्यू, रेडमंड भागात मराठी घरे बरीच आहेत. त्यांच्या मोरीतले पाणीही याच वाटेने जाते. महाराष्ट्रातही शहरोशहरी सांडपाणी केंद्रे उभी राहत आहेत आणि प्रत्येकात गाळ साठणार आहे. मात्रेचा हिशेब, कारखान्यांवर वचक, पाण्याची सततची तपासणी, या तीन गोष्टी असतील तरच तो गाळ लागवडीच्या झाडांना द्यावा. यातली एक जरी नसेल, तर शहराचा मैला जंगलावर ढकलण्याचा आपल्याला अधिकार नाही.