कतञ्ञुता : केलेल्याची जाणीव

आश्विन पौर्णिमेस वर्षावासाची सांगता होते. तेथून कार्तिक पौर्णिमेपर्यंतचा महिना कठिन चीवरदानाचा होय. तीन महिने विहारात राहून ज्यांनी धम्मदेसना केली, त्या भिक्खुसंघास उपासक-उपासिका या काळात वस्त्र अर्पण करतात. याच सुमारास, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, अमेरिकेत आभारप्रदर्शनाचा सण साजरा होतो. सण वर्षातून एकदा येतो. बुद्धवचनात मात्र कृतज्ञता ही नित्य आचरणाची बाब मानली आहे. तिचे स्वरूप काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पालिमधील 'कतञ्ञू' हा शब्द 'कत' म्हणजे केलेले आणि 'ञू' म्हणजे जाणणारा, असा सिद्ध होतो. आपल्यासाठी कोणी काय केले, हे जो जाणतो तो कतञ्ञू. त्याच्या जोडीने 'कतवेदी' हा शब्द येतो. जाणलेले जो वाणीने व कृतीने प्रकट करतो, तो कतवेदी. म्हणजे कृतज्ञतेचे मूळ भावनेच्या उमाळ्यात नसून ज्ञानात आहे. अंगुत्तरनिकायात जगात दुर्लभ अशा दोन व्यक्ती सांगितल्या आहेत. एक 'पुब्बकारी', म्हणजे कोणतेही ऋण नसताना आधी उपकार करणारा, दुसरा कतञ्ञू-कतवेदी. मंगलसुत्तातही कतञ्ञुतेची गणना उत्तम मंगलांत केली आहे.

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक रास्त शंका उद्भवेल. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या शिळ्या भाकरीच्या तुकड्यासाठी 'जोहार मायबाप' म्हणावयास लावले, त्याला पुन्हा कृतज्ञतेचा उपदेश कशासाठी? गावकीची सर्व कामे करून मिळणारे बलुते हा श्रमाचा मोबदला होता; तो उपकार म्हणून पदरात टाकला गेला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेल यांच्या विचाराचा दाखला देऊन कृतज्ञतेची मर्यादा स्पष्ट केली. स्वाभिमान, शील आणि राष्ट्राचे स्वातंत्र्य गहाण टाकून कृतज्ञ राहता येत नाही, असा त्याचा आशय आहे.

पालि वाङ्मयाची भूमिका याहून वेगळी नाही. दीघनिकायातील सिगालोवादसुत्तात मालक व सेवक यांची कर्तव्ये परस्परांची म्हणून सांगितली आहेत. शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, वेळेवर सुटी द्यावी, ही मालकाची कर्तव्ये होत. कर्तव्य पार पाडणाऱ्याने उपकाराचा आव आणण्याचे कारण नाही. ज्याला 'केलेले' यथार्थ कळते, त्याला मोबदला कोणता आणि उपकार कोणता, हेही कळते. म्हणून कतञ्ञुता आणि मिंधेपणा यांची गल्लत होता कामा नये.

या दृष्टीने धम्मपद-अट्ठकथेतील राध ब्राह्मणाची कथा उद्बोधक आहे. हा निर्धन वृद्ध विहारात पडेल ते काम करीत राहत असे. परंतु त्याला प्रव्रज्या देण्यास कोणी तयार होईना. याचा काही उपकार कोणाला स्मरतो काय, असे भगवंतांनी विचारले. तेव्हा राजगृहात याने आपल्या पात्रात एक पळीभर भात वाढला होता, असे सारिपुत्तांनी सांगितले आणि त्याला प्रव्रजित केले. पळीभर भाताची आठवण ठेवणारा पुरुष संघाचा धम्मसेनापती होता. देणारा लहान म्हणून देणे विसरावे, असे त्याला वाटले नाही.

बाबासाहेबांच्या ग्रंथांतून हाच कतवेदी गुण दिसतो. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३ चा ग्रंथ त्यांनी मातापित्यांच्या स्मृतीस अर्पण केला, तर ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील १९२५ चा ग्रंथ शिक्षणास साहाय्य करणाऱ्या सयाजीराव गायकवाडांना. 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी डॉ. मालवणकर व माईसाहेब यांच्याप्रमाणेच हस्तलिखित टंकित करणाऱ्या नानकचंद रत्तू व प्रकाशचंद यांच्या श्रमांचीही नोंद केली. ही प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. व्यक्त केलेली कृतज्ञताही अशी झाकली जाऊ शकते; म्हणून ती जपणे हे वाचकांचेही काम ठरते.

सोलापूरकरांना पुब्बकारी शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये याच शहरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. त्या वसतिगृहाला आता शंभर वर्षे होऊन गेली. ज्यांची पहिली पिढी अशा वसतिगृहांतून शिकली, त्यांच्या घरातील आजची सुशिक्षित पिढी हे जाणते काय? जाणत असेल, तर एखाद्या गरजू विद्यार्थ्याची फी वा पुस्तके यांचा भार उचलणे हे तिचे कतवेदित्व ठरेल.

नित्य आचरण कठीण नाही. सायंकाळी त्रिशरण-पंचशीलानंतर क्षणभर शांत बसून तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. आज कोणाच्या श्रमावर माझा दिवस गेला? त्याचा योग्य मोबदला त्याला मिळाला काय? मी त्याची परतफेड कशी करणार? आपण पांघरतो ती चादर यंत्रमागावर कोणी विणली, शेजारच्या वस्तीत दिवसभर विड्या वळणाऱ्या मातेला मजुरी किती पडते, हे प्रश्न सोलापुरात तरी पुस्तकी नाहीत. पहिल्या प्रश्नातून कतञ्ञुता जागी होते, दुसऱ्यातून न्यायबुद्धी आणि तिसऱ्यातून कृती.

मातापित्यांना दोन्ही खांद्यांवर शंभर वर्षे वाहिले तरी त्यांचे ऋण फिटत नाही, असे अंगुत्तरनिकायात म्हटले आहे; मात्र त्यांना श्रद्धा, शील, त्याग व प्रज्ञा यांत प्रतिष्ठित केल्यास ते फिटते. कठिन चीवरदानाच्या दिवशी संघापुढे वस्त्र ठेवताना उपासकाने हा अर्थ ध्यानी घ्यावा. वस्त्र दिल्याने दान पूर्ण होते. देसना आचरणात आणल्याने कृतज्ञता पूर्ण होते.