गाडीच्या टपावर लाइट बार लावायचाय? आधी नियम 111 समजून घ्या

थार, जिम्नी नाहीतर गुरखा दारात आली की पहिले पंधरा दिवस फोटो काढण्यात जातात. मग सुरू होतो ॲक्सेसरीजचा सिलसिला. मोठे टायर, स्नॉर्कल, मागे जेरीकॅन आणि टपावर चार गोल लाइट किंवा एक लांबलचक एलईडी बार. बारशिवाय गाडी कशी बोडकी दिसते, असं इन्स्टावरच्या रील्स बघून कुणालाही वाटेल. ॲक्सेसरीवाल्याला विचारलं तर तो सांगतो, "काही होत नाही साहेब, सगळेच लावतात."

सगळे लावतात, हे खरंय. पण कायदा काय म्हणतो?

या वादात बहुतेक लोक मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतात. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, असं हे कलम आहे. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने याच कलमावर निकाल दिला आणि मॉडिफाय केलेल्या गाड्यांची चर्चा देशभर झाली. मग समोरचा म्हणतो, "लाइट लावला म्हणून आरसीवरचं काय बदललं? इंजिन तेच, चासी तीच." हा वाद कट्ट्यावर तासभर सहज चालतो.

पण लाइटच्या बाबतीत एवढ्या लांब जायची गरजच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये 111 क्रमांकाचा एक छोटासा नियम आहे. गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट बसवायचा नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तर नोंदणी अधिकाऱ्याची, म्हणजे आपल्याकडे आरटीओची, आधी परवानगी घेऊन बसवता येतो. बस, एवढाच नियम.

यातला 'बसवायचा' हा शब्द महत्त्वाचा. नियम लाइट पेटवण्याबद्दल बोलत नाही, बसवण्याबद्दल बोलतो. त्यामुळे "मी हायवेवर लावतच नाही, फक्त जंगलात लावतो" हे उत्तर चौकात उभ्या असलेल्या हवालदारापुढे टिकत नाही. लाइटवर काळं कव्हर घातलं तरी तेच. कव्हर घालणं ही चांगली सवय आहे, पण आपल्या नियमात कव्हरला सूट दिलेली नाही.

मग ही कव्हरची कल्पना आली कुठून? अमेरिकेतून. कॅलिफोर्नियात रस्त्याबाहेर वापरायचे जादा लाइट टपावर बसवता येतात, फक्त सार्वजनिक रस्त्यावर ते बंद ठेवून अपारदर्शक कव्हरने झाकावे लागतात. ऑस्ट्रेलियात जादा ड्रायव्हिंग लाइट हाय बीमशी जोडावे लागतात, डिपर मारला की तेही विझले पाहिजेत. आपण व्हिडिओ बघतो तिकडचे आणि गाडी चालवतो कात्रजच्या बोगद्यातून. गोंधळ होणारच.

टपावरच्या लाइटची फॅशनसुद्धा तिकडचीच. 1980 ते 2000 या काळात कॅमल ट्रॉफी नावाची मोहीम व्हायची. पिवळ्या लँड रोव्हर, टपावर सामान आणि समोर लाइटची रांग. ते फोटो जगभर गाजले. पण त्या गाड्या जिथे रस्ताच नाही अशा जंगलात आणि चिखलात धावत होत्या. समोरून एसटी येत नव्हती.

आता थोडं गणित करू, कारण टपावरच्या लाइटची खरी अडचण त्यातच कळते.

नियम 106 म्हणतो की गाडीच्या पुढच्या दिव्याने समोरच्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. हा समोरचा माणूस कुठे आहे, तेही नियमाने ठरवून दिलंय. दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि डोळे जमिनीपासून दीड मीटरवर. थोडक्यात, समोरून येणारा गाडीवाला.

तुमच्या टपावरचा लाइट समजा 1.9 मीटर उंचीवर आहे. 8 मीटरवर उजेडाची वरची कड दीड मीटरच्या खाली ठेवायची, तर तेवढ्या अंतरात ती 40 सेंटीमीटर खाली यायला हवी. म्हणजे दर 20 मीटरला 1 मीटर उतार. या उताराने ती कड जमिनीला टेकते 38 मीटरवर. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे हे 38 मीटर दोन सेकंदांच्या आत संपतात. दुसरीकडे नियम 105 नुसार गाडीच्या मूळ दिव्यांनी रस्त्यावरची माणसं आणि वाहनं 155 मीटरपर्यंत स्पष्ट दिसली पाहिजेत. लांबचं दिसावं म्हणून हजारो रुपयांचा बार घ्यायचा आणि कायद्यात बसवण्यासाठी तो 38 मीटरवर वाकवायचा. मग घेतला कशाला?

नियम 106 मध्ये दुसरी वाटही आहे. समोरून कोणी आलं की दिवा विझवता आला पाहिजे आणि विझवण्याच्या त्याच हालचालीत खाली झुकलेला बीम लागला पाहिजे. म्हणजे आपण डिपर मारतो तसं. टपावरचे लाइट बहुतेक जण डॅशबोर्डवरच्या वेगळ्या बटणावर घेतात. घाटाच्या वळणावर अचानक मोटारसायकल समोर आली की एक हात स्टिअरिंगवर, एक गिअरवर, मग बटण शोधणार कोण? तेवढ्या दोन-तीन सेकंदांत त्या मोटारसायकलवाल्याला कठडा दिसतच नाही. हेडलाइटचा झोत निदान त्याच्या डोळ्यांच्या खालून येतो. टपावरचा वरून येतो, आणि त्याच्या हेल्मेटच्या काचेवर ओरखडे असतील तर अख्खी काच पांढरी होते.

"पण आमच्याकडे पावसाळ्यात धुकं असतं," असं आंबोली, ताम्हिणी किंवा माळशेजला जाणारे सांगतात. खरं तर धुक्यात टपावरचा लाइट सगळ्यात वाईट. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. प्रकाश त्यांच्यावर पडला की चहूकडे विखुरतो, काही परत आपल्याकडे येतो. दिवा जितका आपल्या डोळ्यांच्या जवळ, तितका हा परतलेला उजेड जास्त जाणवतो. टपावरचा बार तर अगदी डोक्यावर असतो. समोर पांढरा पडदा उभा राहतो. फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली बसवतात ते याच कारणाने, दिसायला छान म्हणून नाही. शिवाय टपावरच्या लाइटचा उजेड बॉनेटवर पडून चालवणाऱ्याच्याच डोळ्यांत येतो. रॅलीच्या गाड्या बघा, रात्रीच्या टप्प्यासाठी त्या दिव्यांचा पॉड बॉनेटच्या पुढे लावतात. टप मोकळा असतो.

काही जण इथे ट्रकचं उदाहरण देतात. ट्रकच्या वर दिवे चालतात, मग आमच्या का नाही? ते दिवे नियम 107 मधले. मोठ्या मालवाहू गाडीला वरच्या दोन कोपऱ्यांत पुढे पांढरे आणि मागे लाल दिवे लागतात, ते गाडी किती रुंद आणि उंच आहे हे इतरांना कळावं म्हणून. रस्ता दिसावा म्हणून नाही. पुढे लाल दिवा मात्र कुठेच चालत नाही, नियम 108 तो नाकारतो.

"मग बुलबारवर लावतो," हा पुढचा उपाय. पण डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुलबार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं. म्हणजे एकाच्या जागी दोन चुका.

लाइटवर गोलातली 'ई' खूण आहे, म्हणून तो कायदेशीर, असंही दुकानात सांगतात. ही खूण तो दिवा ठरलेल्या चाचणीत पास झाल्याची आहे. तो तुमच्या टपावर चालतो असं ती सांगत नाही. आणि खोक्यावर 'ऑफ-रोड यूज ओन्ली' छापलेलं असेल, तर विकणाऱ्यानेच हात वर केलेत.

दंडाचं काय? 2019 च्या दुरुस्तीनंतर आलेल्या कलम 182-अ (4) नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लक्षात घ्या, प्रत्येक बदलामागे.

मग कायद्यात राहून करता काय येतं? आरटीओकडे लेखी अर्ज करता येतो, पण तिथे अपवादात्मक परिस्थिती दाखवावी लागते. दरीत उतरणारं बचाव पथक किंवा आपत्तीच्या कामाला लावलेली गाडी अशी कारणं पटण्यासारखी आहेत. हौस हे कारण नाही. परवानगी मिळाली तर ती लेखी घ्या, गाडीत ठेवा आणि लाइट त्यानंतरच बसवा.

ज्यांना खरंच रात्री ऑफ-रोडिंग करायचंय, त्यांच्यासाठी माझ्या मते स्वच्छ मार्ग एकच. काढता-घालता येणारा बार. खासगी जमिनीवर किंवा बंद ट्रॅकवर पोहोचल्यावर क्लॅम्पने बसवायचा, प्लग जोडायचा, परत निघताना काढून डिकीत टाकायचा. पाच मिनिटांचं काम आहे. त्यासाठी टपाला भोकं पाडायची नाहीत. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत त्या भोकांतून गंज आणि पाणी दोन्ही आत येतं.

वायरिंग मात्र नीट करा. 12 व्होल्टवर 240 वॅटचा बार 20 अँपिअर करंट ओढतो. तो थेट बटणातून नेला तर बटण तापतं, वितळतं. रिले हवाच. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा, वायर 4 चौरस मिलिमीटरच्या आसपासची हवी आणि रिलेचा सिग्नल हाय बीमवरून घ्यायचा, म्हणजे डिपर मारला की बारही विझतो. हे काम हेडलाइटची मूळ वायर कापून करू नका. जोडणी कंपनीच्या वायरिंगमध्ये घुसली की वॉरंटीवरून वाद सुरू होतो. इन्शुरन्सवाल्यांनाही अशी जादा विजेची वस्तू कळवावी लागते, आणि बेकायदा वस्तू कळवणार कशी हा वेगळाच प्रश्न.

आणि प्रश्न फक्त रात्री रस्ता नीट दिसण्याचा असेल, तर बार घेण्याआधी तीन गोष्टी करून बघा. हेडलाइटची प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या. सर्व्हिस सेंटरला बीमची उंची तपासायला सांगा. मागे चार माणसं आणि सामान भरल्यावर गाडीचं नाक वर होतं, तेव्हा स्टिअरिंगजवळची लेव्हलची चकती फिरवून बीम खाली घ्या. एच4 बल्ब बदलायचा असेल तर 60/55 वॅटचाच घ्या. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब टाकला की उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण तो नको तिथे सांडतो. आणि हो, पुढची काच आतून पुसा. ती आतून कोणी पुसतच नाही.