चुका नोंदविण्यास इस्पितळातील कर्मचारी का कचरतात?

दि. ८ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री भोपाळमधील हमीदिया इस्पितळाच्या आवारात असलेल्या कमला नेहरू बाल इस्पितळातील नवजात शिशू विभागाला आग लागली. त्या वेळी विभागात ४० बालके होती. डॉक्टर व परिचारिकांनी धुरातून वाट काढत ३६ बालकांना बाहेर नेले. चार बालके मात्र वाचू शकली नाहीत. त्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता, इस्पितळाचे अधीक्षक आणि बाल इस्पितळाचे संचालक यांना पदावरून हटविण्यात आले, तसेच एका उपअभियंत्याला निलंबित करण्यात आले. त्याच आवारात ११ महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०२० मध्ये, वीजपुरवठा खंडित होऊन जनित्रही बंद पडले होते. त्या सुमारास कोविड विभागातील तीन रुग्ण दगावले. या मृत्यूंचा वीज जाण्याशी संबंध नसल्याचे प्रशासनाने तेव्हा सांगितले होते.

या दोन्ही घटना सर्वांना कळल्या, कारण त्या लपण्याजोग्या नव्हत्या. परंतु प्रत्येक इस्पितळात दररोज असे काही घडत असते, जे वॉर्डाच्या दाराबाहेर जात नाही. गरम झालेला वीजजोड, बिघडलेला मॉनिटर, चुकीच्या खाटेवर पोहोचलेली औषधाची बाटली, ही त्याची उदाहरणे. रुग्णसुरक्षेच्या शास्त्रात मोठ्या दुर्घटनेइतकेच महत्त्व या किरकोळ भासणाऱ्या घटनांना दिले जाते.

एक उदाहरण घेऊ. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण पातळ न करता थेट शिरेत गेल्यास हृदय बंद पडू शकते. त्याची कुपी सलाईनच्या कुपीसारखी दिसत असेल आणि दोन्ही एकाच कप्प्यात ठेवल्या असतील, तर घाईच्या वेळी चुकीची कुपी हाती येणे अवघड नाही. परिचारिकेने अखेरच्या क्षणी लेबल वाचले आणि अनर्थ टळला, तर ती ‘थोडक्यात टळलेली घटना’ ठरते. तिची नोंद झाल्यास कुप्या वेगळ्या ठेवल्या जातील. नोंद झाली नाही, तर तोच कप्पा पुढच्या पाळीतील परिचारिकेची वाट पाहत राहील.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेताना सुमारे दहापैकी एका रुग्णाला इजा पोहोचते आणि असुरक्षित उपचारांमुळे जगात वर्षाला ३० लाखांहून अधिक मृत्यू होतात. यातील निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्याजोग्या असतात.

तरीही कर्मचारी गप्प का राहतात? त्याचे पहिले कारण भय हे आहे. कर्मचाऱ्यांची मनोवृत्ती जाणून घेण्यासाठी अमेरिकेत २००४ मध्ये तयार झालेली एक प्रश्नावली आज अनेक देशांत वापरली जाते. घटना कळविल्यावर चौकशी दोषाची होते की कळविणाऱ्या माणसाची, हा तिच्यातील कळीचा मुद्दा आहे. खुद्द अमेरिकेतील इस्पितळांनाही या निकषावर वर्षानुवर्षे सर्वांत कमी गुण मिळत आले. आपल्याकडे या भयात उतरंडीची भर पडते. वरिष्ठ डॉक्टरांची चूक कनिष्ठाने लिहून देणे उद्धटपणाचे मानले जाते. कंत्राटी परिचारिकेला तर नोकरीचीच धास्ती असते. शिवाय भरून दिलेल्या अर्जाचे पुढे काय झाले, हे कळले नाही, तर दुसरा अर्ज भरण्याची उमेद राहत नाही.

कायद्याची धास्तीही अनाठायी म्हणता येत नाही. गुन्हेगारी खटल्यासाठी डॉक्टरचा हलगर्जीपणा ढोबळ स्वरूपाचा असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार, वैद्यकीय उपचार करताना हलगर्जीपणामुळे मृत्यू झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरला कमाल दोन वर्षांची शिक्षा आहे. ही सवलत परिचारिकांना नाही. त्यांच्यासाठी कमाल मर्यादा पाच वर्षांची आहे. रुग्णाच्या खाटेजवळ सर्वाधिक वेळ असणाऱ्या आणि म्हणूनच सर्वाधिक घटना पाहणाऱ्या व्यक्तीवरच कायद्याचे ओझे अधिक आहे.

भय कमी करता येते, याचा दाखला देशातच आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या औषधदक्षता कार्यक्रमाच्या अर्जावर, माहिती देणे म्हणजे दोष कबूल करणे नव्हे, असे नमूद असते आणि रुग्णाची ओळख गुप्त ठेवली जाते. सामान्य नागरिकही औषधाचा दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतात. परंतु ही सोय औषधांच्या दुष्परिणामांपुरती आहे. अमेरिकेत २००५ च्या कायद्याने रुग्णसुरक्षेच्या अहवालांना गोपनीयतेचे संरक्षण दिले. भारतात त्या धर्तीचा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही.

गोव्यासाठीही हा विषय दूरचा नाही. ११ मे २०२१ रोजी पहाटे दोन ते सहा या चार तासांत बांबोळीच्या गोमेकॉत २६ रुग्ण दगावले. ही संख्या आरोग्यमंत्र्यांनीच जाहीर केली होती आणि प्राणवायूच्या पुरवठ्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता. अशा प्रसंगी पुरवठ्याचा दाब कमी झाल्याचे प्रथम वॉर्डातील कर्मचाऱ्यालाच कळते. त्याचा शब्द किती मिनिटांत कोणापर्यंत पोहोचतो, यावर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात.

म्हणूनच नोंदीची पद्धत सोपी हवी. नाव न देता भरता येईल असा एक पानाचा अर्ज, शिस्तभंगाच्या कारवाईपासून वेगळी ठेवलेली समिती आणि ठरावीक मुदतीत कर्मचाऱ्यांना मिळणारे उत्तर, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. जाणूनबुजून केलेला गुन्हा, नशेत केलेले काम किंवा पुरावा दडविणे यांना अर्थातच माफी नसावी. मात्र प्रामाणिक चूक स्वतःहून सांगणाऱ्याला शिक्षा झाली, तर इतरांनी त्यातून घ्यायचा धडा एकच उरतो: गप्प राहावे. भोपाळला या मौनाची किंमत ठाऊक आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये विषारी वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता आणि १९८२ मध्ये कंपनीच्याच तपासणीत सुरक्षेतील त्रुटी आढळल्या होत्या. त्या वेळीच पुरेशी पावले उचलली असती, तर २ डिसेंबर १९८४ च्या रात्री हमीदिया इस्पितळात वायुपीडितांची रीघ लागली नसती.