एकेकट्याचा अर्ज आणि तिघांची फिर्याद

कुणकेश्वराहून किनाऱ्याने दक्षिणेस निघाले म्हणजे आधी मालवण लागते, पुढे वेंगुर्ले. ही दोन्ही बंदरे १८१२ या एकाच साली इंग्रजांच्या हाती गेली. मालवण करवीरकरांनी दिले, वेंगुर्ले सावंतवाडीकरांनी. या दोन मराठी घराण्यांत वैर होते, आणि कंपनीने दोघांशी निरनिराळे तह केले. शेजाऱ्याहून परका बरा, ही बुद्धी दोघांसही बंदराएवढी महाग पडली.

साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी इंग्रजांशी इंग्रजांच्याच कायद्याने भांडण मांडले. १८३९ साली त्यांस पदच्युत करून काशीस पाठविल्यावर वकील रंगो बापूजी लंडनास गेले व १८५३ पर्यंत तेथे झगडले. जॉर्ज थॉम्सन, जोसेफ ह्यूम यांसारख्यांनी त्यांची बाजू घेतली. परंतु ज्या कंपनीविरुद्ध फिर्याद, तिचेच संचालक न्यायासनावर! महाराज १८४७ साली काशीस वारले, आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने दत्तक नाकारून राज्य खालसा केले. साताऱ्याची फिर्याद अखेरपर्यंत साताऱ्याचीच राहिली.

आता आफ्रिकेकडे पाहू. बेचुआनालँडचा मुलूख ऱ्होड्सच्या कंपनीस देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १८९५ साली खामा, सेबेले व बाथोएन हे तीन राजे मिळून विलायतेस गेले. वसाहतमंत्री चेंबरलेन याने प्रथम दाद दिली नाही. म्हणून ते गावोगावच्या प्रार्थनामंदिरांतून लोकांपुढे बोलले, व कंपनी आली म्हणजे दारू येईल, हे त्यांनी धर्मशील इंग्रजांस पटविले. अखेर चेंबरलेन नमला. रेल्वेसाठी जमिनीची पट्टी द्यावी लागली, वर कर बसला, राणीचे छत्र राहिलेच. पण कंपनीची धाड टळली. तोच मुलूख १९६६ साली बोत्स्वाना या नावाने स्वतंत्र झाला.

रंगो बापूजींची निष्ठा या तिघांहून तिळभरही उणी नव्हती. अंतर पडले ते इतकेच, की ते तिघे एकत्र गेले, मुलूख हातचा जाण्यापूर्वी गेले, आणि अधिकाऱ्याच्या दारी न थांबता लोकांपुढे गेले.

राजे गेले, तरी हा धडा जुना झालेला नाही. भूसंपादनाची नोटीस आजही घरोघर वेगळी येते, आणि मोबदल्याचे बोलणे एकेकाशी होते. तेव्हा किनाऱ्यावरील ग्रामस्थांस आमचे सांगणे एवढेच: सही करण्यापूर्वी ग्रामसभा भरवा, शेजारच्या गावाशी असलेला बांधाचा तंटा तात्पुरता बाजूस ठेवा, आणि बोलणे एकमुखाने करा. १८१२ साली नेमके हेच झाले नाही.