आजोबांच्या कोटाचा वास कुठे गेला?



तुमच्यापैकी काहींच्या घरी हे काम झाले असेल. घरातले वडीलधारे माणूस जाते. तेरावा होतो, पाहुणे आपापल्या गावी परततात, आणि मग एका दुपारी कोणीतरी हळूच म्हणते, "आता त्यांची ट्रंक बघायला हवी."

आमच्या घरी हे काम मागच्या वर्षी मार्चमध्ये निघाले. आम्ही माधवनगरचे. माधवनगर म्हणजे सांगलीला लागूनच असलेले गाव. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. घरात सगळे त्यांना आजोबाच म्हणत, म्हणून इथे मीही तसेच म्हणतो. वयाची ऐंशी उलटली तरी हळदीच्या हंगामात ते दुकानात जाऊन बसत. सौद्याच्या वेळी हळकुंड मोडून आतला रंग पाहायचा, बोटे कोटाच्या बाहीला पुसायची, ही त्यांची जन्माची सवय. त्यामुळे त्यांच्या पांढऱ्या सुती कोटाच्या बाह्या कायम पिवळ्या असत.

त्या कोटाच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

कपडे गरजूंना द्यायचे ठरले होते. मळका कोट कसा द्यायचा, म्हणून मी तो साबणाच्या पाण्यात भिजवला. पाहता पाहता पिवळ्या बाह्या लालभडक झाल्या. स्वच्छ पाण्यातून काढल्यावर पुन्हा पिवळ्या झाल्या. मग मी कोट गच्चीवर उन्हात टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पांढराशुभ्र झाला होता. मी समाधानाने घडी घालत होतो, तेवढ्यात नववीत शिकणारी माझी मुलगी शाळेतून आली. तिने कोट हातात घेतला, नाकाशी नेला आणि काही न बोलता खाली ठेवला. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

त्या कोटाचे काय झाले, ते आधी रंगापासून पाहू. हळदीचा पिवळा रंग कुरकुमिन या द्रव्याचा. हळदीत ते साधारण दोन ते पाच टक्के असते. 1815 साली ते प्रथम वेगळे काढले गेले. त्याची रेणुरचना कळायला मात्र 1910 साल उजाडले. कुरकुमिन हे लिटमससारखे दर्शक आहे. आम्लात आणि साध्या पाण्यात ते पिवळे राहते, अल्कधर्मी पाण्यात लाल होते. कपडे धुण्याच्या साबणाचे पाणी अल्कधर्मी असते. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीतही याच गुणावर आधारलेली आहे. लाल होण्याने कुरकुमिनचा नाश होत नाही, आणि म्हणूनच खळबळून काढल्यावर पिवळा रंग परत येतो. खरा शत्रू ऊन. प्रकाशातील ऊर्जेने कुरकुमिनचा रेणू तुटतो आणि त्याचे तुकडे रंगहीन असतात. तुटलेला रेणू पुन्हा जुळत नाही.

तुम्ही हे घरी करून पाहा. पांढऱ्या सुती कापडाच्या दोन पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. एक कपाटात ठेवा, दुसरी दोन दिवस कडक उन्हात ठेवा. मग शेजारी शेजारी धरा. आमच्या गच्चीवर चाळीस वर्षांच्या सवयीचा रंग दीड दिवसात कसा गेला, ते दिसेल.

पण मुलीचा राग रंगासाठी नव्हता, वासासाठी होता. कोटाला हळदीचा, खोबरेल तेलाचा आणि खुद्द आजोबांचा असा मिळून एक वास होता. घामाला मुळात फारसा वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू घामातल्या द्रव्यांचे विघटन करतात, तेव्हा वास उत्पन्न होतो. प्रत्येकाच्या त्वचेतून स्रवणारी द्रव्ये आणि त्यावरची जिवाणूंची वस्ती थोडी वेगळी, म्हणून प्रत्येकाचा वासही वेगळा. नुकतीच बाळंत झालेली आई अनेक झबल्यांतून आपल्या बाळाचे झबले केवळ वासावरून ओळखू शकते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वास येतो म्हणजे काय होते? वस्तूवरून काही रेणू सुटतात, हवेतून तरंगत नाकात शिरतात आणि नाकाच्या वरच्या भागातील ग्राहकांना चिकटतात. माणसात अशा ग्राहकांचे सुमारे 400 प्रकार आहेत. ते कोणत्या जनुकांमुळे घडतात, हे रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांनी 1991 मध्ये दाखवले, आणि 2004 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. म्हणजे कोटाचा वास घेताना त्या कोटावरचा थोडासा अंश खरोखरच आपल्या नाकात येतो, आणि तेवढा कोटावरून कमी होतो. चित्र कितीही वेळा पाहिले तरी झिजत नाही. वासाचे तसे नाही. मी धुतला नसता तरी तो वास एक ना एक दिवस संपलाच असता. (हे मी मुलीला सांगून पाहिले. उपयोग झाला नाही, आणि तिचे बरोबरच होते.)

वासाने आठवण एवढी उसळून का येते? डोळ्यांचे आणि कानांचे संदेश मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या केंद्रातून पुढे वाटले जातात. वासाचे संदेश त्या वाटेने आधी जात नाहीत. ते भावनांशी संबंध असलेल्या अमिग्डालाकडे थेट पोचतात, आणि आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस तिथून जवळच. अशा आठवणी जास्त अचूक असतात असे मात्र नाही. त्या जास्त भावनेने भरलेल्या असतात, एवढेच. जुनी ट्रंक उघडल्याबरोबर एखादा मोठा माणूस अचानक रडू लागला, तर त्यात नवल वाटू देऊ नका.

ट्रंकेत आणखी पुष्कळ होते. डांबराच्या गोळ्या झिजून वाटाण्याएवढ्या राहिल्या होत्या. नॅफ्थलीन न वितळता घनरूपातून थेट वायुरूपात जाते. या क्रियेला संप्लवन म्हणतात. ती वाफ लोकर खाणाऱ्या कसरीला मारते, पण माणसालाही, विशेषतः लहान मुलांना, ती अपायकारक आहे. तेव्हा अशी ट्रंक दारे-खिडक्या उघडूनच उघडा आणि गोळ्या हुंगत बसू नका. हिशेबाच्या चोपड्या कडेने तपकिरी झाल्या होत्या. लाकडाच्या लगद्याच्या कागदात लिग्निन असते, त्याने कागद पिवळा पडतो, आणि आम्लामुळे त्यातले सेल्युलोजचे धागे तुटत जातात. आपण ज्याला जुन्या पुस्तकाचा छान वास म्हणतो, तो कागद मोडत चालल्याचा वास आहे.

एक अडकित्ताही निघाला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी पूर्वी पुष्कळ अडकित्ते पाहिले होते. दिनकर केळकरांनी दिवे, दौती, भांडी, अडकित्ते अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, संग्रहालयाला अकाली वारलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले, आणि सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ते आठवून मी मुलीला प्रत्येक वस्तूची चिठ्ठी लिहायला सांगितली: काय आहे, कोण वापरत होते, कधी. अडकित्त्याच्या चिठ्ठीवर तिने लिहिले, "दात पडल्यावरही रोज सुपारी कातरून दुसऱ्यांना द्यायचे."

मग वाचायचा चष्मा आला. तो घेऊन ती भिंतीजवळ उभी राहिली. समोरच्या खिडकीबाहेरच्या झाडाचे उलटे चित्र भिंतीवर स्पष्ट पडेपर्यंत तिने भिंग मागेपुढे केले आणि मला फूटपट्टीने अंतर मोजायला लावले. 33 सेंटिमीटर भरले. हे त्या बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर. एक मीटरला 0.33 ने भागले की तीन येतात. म्हणजे चष्मा अधिक तीन नंबरचा. (तुम्ही करताना खिडकीबाहेरचे झाडच घ्या, सूर्याकडे भिंग धरू नका.) मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आजोबांना दूरचे चष्म्याविना स्पष्ट दिसे. डोळ्यात बसवलेले कृत्रिम भिंग आपला फुगीरपणा बदलत नाही. त्यामुळे या चष्म्यातून त्यांना सर्वांत स्पष्ट दिसण्याचे अंतरही 33 सेंटिमीटरच. मुलीने पट्टी आपल्या डोळ्यांपासून धरली, तेवढ्या अंतरावर वर्तमानपत्र आणले आणि म्हणाली, "अस्सेच धरायचे ते!" त्या दिवशी ती माझ्याशी बोलली.

ट्रंकेच्या तळाशी आजोबांची एक टोपी सापडली, न धुतलेली. या वेळी मुलीने ती कोणाच्या हाती लागू दिली नाही. ती कशी जपावी, याचे उत्तर आम्हाला हळदीच्याच धंद्यात मिळाले. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवे आहेत. तोंड अरुंद, आत पोट मोठे. हळद भरून तोंड लिंपून टाकले की आत नवी हवा जात नाही. आतला प्राणवायू हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि किडे जगत नाहीत. म्हणूनच पेव उघडल्यावर बराच वेळ थांबल्याशिवाय आत उतरत नाहीत. माणूस गुदमरून मरू शकतो. 2005 च्या महापुरात यांतल्या कित्येक पेवांत पाणी शिरले आणि हळद नासली.

टोपीसाठी आम्ही घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून वासाचे रेणू हळूहळू निसटतात, धातूतून निसटत नाहीत. टोपी आधी सावलीत पूर्ण कोरडी केली, कारण ओल राहिली तर बुरशी धरते. डबा बंद केल्यावर टोपीवरून रेणू सुटत राहतात, पण आतल्या हवेत ते पुरेसे साठले की जितके सुटतात तितकेच परत चिकटू लागतात. झाकण उघडले की हा समतोल मोडतो. म्हणून मुलीने नियम केला: डबा वर्षातून दोनदाच उघडायचा, आजोबांच्या वाढदिवसाला आणि दिवाळीत.

माझ्या आईने तो नियम शांतपणे ऐकून घेतला. आठ दिवसांनी कळले, की ती रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की डबा उघडते. नात चिडली. "आजी, अगं असा वास संपून जाईल ना!"

"संपू दे की," आई म्हणाली. "माझ्यापाशी तरी दिवस किती आहेत बाळा? ठेवून कुणासाठी ठेवू?"

यावर नातीपाशी उत्तर नव्हते, माझ्यापाशीही नव्हते.

दिवाळीत आम्ही सगळ्यांनी मिळून डबा उघडला. मुलीने बराच वेळ टोपी नाकाशी धरली. तिला नुसत्या कापडाचा आणि स्टीलचा वास आला, मलाही तेवढाच. वाढत्या वयाबरोबर माणसाची वास घेण्याची शक्ती कमी होत जाते, हे शास्त्राने चांगले सिद्ध झालेले आहे. त्या हिशेबाने आईला काहीच यायला नको होते. तिने टोपी घेतली, डोळे मिटले आणि म्हणाली, "येतोय की! तुम्हाला कसा येत नाही?"

डबा आता तिच्याच कपाटात आहे.