चिऱ्याच्या भिंतीपलीकडे वायफाय

कोकणातल्या जुन्या घरात फायबरची जोडणी आली की राउटर बहुतेक वेळा पडवीत बसतो, विजेच्या मीटरशेजारी. जोडणाऱ्याला तिथवर वायर आणणं सोपं जातं आणि आपल्यालाही आजोबांच्या भिंतीला भोक पाडवत नाही. मग पडवीत टेकलेल्या पाहुण्याला झकास रेंज मिळते आणि माजघरात काकू फोन उंच धरून म्हणतात, "अरे, तुझं तोंड हलायचं थांबलं बघ." यावर चार अँटेनांचा महागडा राउटर आणला जातो. माजघरात फारसा फरक पडत नाही.

याचं कारण सोपं आहे. वायफायच्या परवाना न लागणाऱ्या लहरींच्या ताकदीला कायद्याने मर्यादा आहे, त्यामुळे कोणताही राउटर हवं तेवढं ओरडू शकत नाही. शिवाय हे बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं. राउटरचा आवाज काकूंच्या फोनपर्यंत पोचला तरी फोनचं उत्तर परत यावं लागतं, आणि फोनचा आवाज लहानच असतो.

मधे उभी असते सवा फुटाची चिऱ्याची भिंत. हा जांभा दगड सच्छिद्र असतो, पावसाळ्यात ओल धरतो. वायफायच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, म्हणून भिजलेली भिंत जास्त अडवते. लहर तिरकी गेली तर आणखी वाईट: 45 अंशांत शिरणाऱ्या लहरीला 15 इंचांची भिंत 21 इंचांची पडते. वाटेत लोखंडी कपाट, पाण्याची टाकी किंवा मोठा आरसा असेल तर लहर तिथेच अडते.

काही विकत घेण्याआधी मोजणी करा. पहिल्यांदा लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडून वेग पाहा. तिथेच वेग रडत असेल तर दोष भिंतीचा नाही. वेग ठीक असेल तर अँड्रॉइड फोनवर सिग्नल डीबीएममध्ये दाखवणारं एखादं फुकट ॲप घ्या आणि कागदावर घराचा नकाशा काढून खोलीखोलीत आकडा लिहा. आकडे उणे असतात. उणे 50 म्हणजे उत्तम, उणे 67 च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे 80 ला मेसेजही अडखळतो. 3 आकडे घसरले की सिग्नल निम्मा होतो, 10 घसरले की दहावा हिस्सा उरतो. पडवीत उणे 45 आणि भिंतीआड दोन पावलांवर उणे 70 दिसलं, की किती सिग्नल भिंतीने गिळला ते कळतं.

आता जागा बदलून पाहा. जुन्या घरांत बरेचदा दारासमोर दार असतं; पडवीत उभं राहिलं की ओटी, माजघर ओलांडून परसातलं माडाचं झाड दिसतं. राउटर या रेषेत आणा. दुसरी वाट डोक्यावरून आहे. बऱ्याच घरांत मधल्या भिंती माळ्यापाशी थांबतात आणि वर एकच कौलारू छप्पर असतं. सुकं लाकूड आणि कौलं चिऱ्याच्या मानाने फारच कमी अडवतात. माळ्यावर, उंदीर आणि गळतीपासून सांभाळून ठेवलेल्या राउटरचा सिग्नल भिंतीवरून पलीकडे उतरतो.

राउटरचे बँड सहसा दोन. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, 5 गिगाहर्ट्झची सहाच्या आसपास. पहिली भिंतीतून जास्त निभावते, दुसरी वेगवान पण लवकर थकते. म्हणून माजघरातल्या फोनला 2.4 द्या आणि राउटरजवळच्या लॅपटॉपला 5. शेजारच्या घरांचे राउटर जवळ असतील तर 2.4 वर 1, 6 आणि 11 हीच चॅनेल वापरा. ती एकमेकांवर चढत नाहीत.

एवढं करूनही माजघर अंधारातच राहिलं, तर आत दुसरा दिवा लावावा लागेल. स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. मेशची पेटी त्यापेक्षा बरी, पण रेंज नसलेल्या खोलीत ठेवली तर तिलाही काही ऐकू येत नाही. ती दाराच्या उंबरठ्यापाशी, जिथे पहिला सिग्नल अजून खणखणीत आहे तिथे ठेवा.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे लॅन वायर. शुद्ध तांब्याची कॅट 6 घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. तांब्याची वायर 100 मीटरपर्यंत चालते. घराला वीस-पंचवीस मीटर पुरतात. भिंत फोडायची गरज नाही: वाशांवरून किंवा तुळईच्या कडेने न्या, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून आत घ्या. दुसऱ्या टोकाला घरातला जुना राउटर चालतो. त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड निवडा. तो पर्याय नसेल तर डीएचसीपी बंद करा, त्याचा पत्ता पहिल्या राउटरपेक्षा वेगळा ठेवा आणि वायर दोन्हीकडे लॅनच्या भोकात घाला. नाव आणि पासवर्ड दोन्हींना एकच द्या, चॅनेल मात्र वेगळं. काकू ओटीवरून माजघरात गेल्या की फोन आपोआप जवळचा राउटर पकडू लागतो.

मग तोच कागद घेऊन पुन्हा फिरा आणि जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा. वायर अंगणातून उघड्यावर नेऊ नका. वीज कडाडू लागली की दोन्ही राउटरचे प्लग आणि लॅन वायर काढून ठेवा. आणि खर्चाची वेळ आलीच, तर पैसे अँटेनांवर नाही, वायरवर घाला. चिऱ्याची भिंत जोराला बधत नाही, तिला वळसाच घालावा लागतो.